आश्चर्य आणि मेंदू: तिसऱ्या धड्यासाठी तरी हा अभ्यासक्रम कराच

अनपेक्षित काही घडलं की मेंदूत काय होतं, यावरचा हा ऑनलाइन अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझी कसोटी ठरलेली आहे: शिकवणारा आधी उत्तर सांगतो की आधी विचार करायला लावतो? इथे प्रत्येक प्रयोगाआधी व्हिडिओ थांबतो आणि पुढे काय होईल ते तुम्हाला लिहावं लागतं. सुरुवातीला जाच वाटतो. पण या विषयाला हीच पद्धत हवी, कारण अंदाजच बांधला नसेल तर तो चुकणार कसा?

तिसरा धडा अप्रतिम आहे. हेडफोनमध्ये ठरावीक अंतराने ठोके पडत राहतात आणि मधेच एक ठोका गाळला जातो. कानावर काहीच पडलेलं नसतं, तरी आपण चमकतो. म्हणजे मेंदू नुसता ऐकत नसतो, पुढचा ठोका आधीच धरून चाललेला असतो. लगेच मेंदूलहरींचे आलेख येतात. सॅम्युएल सटन आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये मांडलेली, अनपेक्षित घटनेनंतर साधारण 300 मिलिसेकंदांनी दिसणारी पी-300 लहर आधी. मग मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांची 1980 ची एन-400. ‘तहान लागली म्हणून तो ग्लासभर खुर्ची प्यायला’ अशा वाक्यातल्या ‘खुर्ची’पाशी उमटते ती.

डोपामीन या मेंदूतल्या रसायनावरचा धडाही तितक्याच निगुतीने केलाय. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडाला अचानक रस मिळाला की डोपामीन सोडणाऱ्या पेशी जोरात चेतवल्या जात. रसाआधी खूण मिळते हे माकड शिकलं की पेशी त्या खुणेलाच प्रतिसाद देत, रसाला नाही. आणि खूण देऊन रस दिलाच नाही, तर नेमक्या त्या क्षणी पेशींची क्रिया नेहमीपेक्षाही खाली जाई. हे तीन आलेख एकाखाली एक दाखवले आहेत. मुलांपुढे मांडायला याहून सोपी रीत मला माहीत नाही.

बाळांवरचा भाग मात्र फार घाईत उरकलाय, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं. एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांच्या 2015 च्या प्रयोगात, भिंतीतून आरपार गेल्यासारखा दिसलेला चेंडू अकरा महिन्यांची बाळं आपटून पाहत होती. अधांतरी राहिलेलं खेळणं खाली टाकून पाहत होती. जिथे अंदाज चुकला तिथेच तपास सुरू! यावर अख्खा धडा हवा होता.

खरा दोष पाचव्या धड्यात आहे. तिथे दचकणं आणि आश्चर्य यांची सरमिसळ झालीये. मोठा आवाज येणार हे ठाऊक असलं तरी पापणी मिटतेच. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. शिवाय ‘आश्चर्याने स्मरण पक्कं होतं’ असं सरसकट सांगितलंय. पण समोर शस्त्र रोखलेलं असेल तर लक्ष शस्त्रावर खिळतं आणि धरणाऱ्याचा चेहरा नीट आठवत नाही. हा अपवाद सांगायलाच हवा होता.

याच धड्यात हेडफोनवर पूर्वसूचनेशिवाय कर्कश आवाज येतो. तेव्हा आवाज आधीच कमी करून ठेवा, आणि बनवणाऱ्यांनी तिथे एक इशारा जरूर टाकावा. शिक्षकांना आणि लहान मुलांच्या पालकांना मी हा अभ्यासक्रम आवर्जून सुचवेन.