पीएम वाणीच्या नावाने मंजुरीपत्र आलं तर आधी हे वाचा

पीएम वाणी ही सार्वजनिक वाय-फायची केंद्र सरकारची योजना, तिच्या नावाने आमची फसवणूक झाली. आमच्या घरी जे झालं ते सगळं लिहितेय, लांब होईल पण पूर्ण वाचा आणि गावच्या ग्रुपवर टाका, कारण फसवणारी हीच लोकं आता आजूबाजूच्या गावात फोन करतायत असं कळलंय.

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात. माझा धाकटा भाऊ आयटीआय झालेला, इलेक्ट्रिशियन. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत तो लागला होता, ती 2024 ला सुरू झालेली, बारावीवाल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआयला 8 हजार, पदवीधराला 10 हजार विद्यावेतन. मुदत संपली आणि पोरगा परत घरी. सोबतचे सगळेच घरी बसले, काही पुण्याला गेले कंपनीत. भावाला आई वडिलांना सोडून जायचं नव्हतं, गावातच काहीतरी करायचं होतं.

त्यात त्याला व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. वर अशोकस्तंभ, बाजूला डिजिटल इंडियाचा लोगो, खाली शिक्का आणि सही, "पीएम वाणी योजनेअंतर्गत आपल्या जागेची वाय-फाय पॅनलसाठी निवड झाली आहे". घराच्या छतावर पॅनल बसणार, महिन्याला 15 हजार भाडं, सुरुवातीला अॅडव्हान्स, आणि घरातल्या एका शिकलेल्या मुलाला तिथेच ऑपरेटरची नोकरी. भरायचे फक्त 650 रुपये रजिस्ट्रेशनचे. आता मला सांगा, ज्या गावात मोबाईलला रेंज यायला गच्चीवर जावं लागतं आणि दर घरात एक पोरगा रिकामा आहे तिथे याच्यापेक्षा गोड बातमी कुठली?

आणि लोकं म्हणतात ना की एवढं शिकलेलं पोरगं फसतं कसं, मला त्याचा फार राग येतो. कारण त्या पत्रातली योजना खरी आहे. पीएम वाणीला केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 डिसेंबर 2020 ला मंजुरी दिलीय, भावाने स्वतः गुगल करून बघितलं, सरकारी पानं निघाली, त्याला वाटलं झालं व्हेरिफाय. पत्रवाल्यांचा जो माणूस फोनवर बोलायचा त्याने भारतनेटचं (गावोगावी इंटरनेटची केबल न्यायची सरकारी योजना) पण बरोबर सांगितलं, की ग्रामपंचायतीत फायबर आलंय, पेटी बसलीय पण बंद आहे ना, म्हणून तर सरकार आता घराघरावर पॅनल बसवतंय. आमच्या ग्रामपंचायतीतली पेटी खरंच बंद आहे! आता कळतं की हे तो प्रत्येक गावाला सांगत असणार, कारण किती गावात तीच गत आहे. भावाने बोलता बोलता प्रशिक्षण योजनेचं सांगितलं तर पुढच्या पत्रात त्याच्या नावापुढे "अनुभवी उमेदवार" छापून आलं. वडिलांना फोनवर काका काका करायचा, अगदी घरातल्यासारखा.

650 भरले. मग अॅग्रीमेंट फी. मग पॅनलचा इन्शुरन्स. मग जीएसटी, मग म्हणे टेलिकॉमची एनओसी, मग मटेरियलची गाडी निघालीय पण डिपॉझिट नसल्याने अडकलीय, ते डिपॉझिट रिफंडेबल आहे, पहिल्या भाड्यासोबत परत. दर वेळी नवीन पत्र आणि दर वेळी "आज संध्याकाळपर्यंत नाही भरलं तर जागा दुसऱ्या गावाला जाईल". सोयाबीनच्या पट्टीचे पैसे होते घरात, ते गेले, वर आईने बचत गटातून उचलले ते गेले. एकूण 68 हजारांच्या आसपास. सगळे पैसे वेगवेगळ्या माणसांच्या नावच्या यूपीआयवर गेलेत, एकदाही सरकारी खात्याचं नाव आलं नाही. विचारलं तर म्हणे हे आमचे झोनल ऑफिसर आहेत.

खरी योजना कशी चालते ते नीट समजून घ्या, कारण ते माहीत असलं की पहिल्या मिनिटात खोटं पकडता येतं. पीएम वाणीत सरकार कुणाच्या घरावर काही बसवत नाही, भाडं देत नाही, पगार देत नाही. किराणा दुकानवाला, चहावाला, कुणीपण स्वतःच्या खर्चाने इंटरनेट कनेक्शन आणि राउटर घेतो आणि लोकांना वाय-फाय विकतो, त्याला पीडीओ म्हणतात. त्याला लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशन लागत नाही, सरकारला एक रुपया फी द्यायची नाही. तो ज्या कंपनीला जोडला जातो ती कंपनी दूरसंचार विभागाकडे नोंदलेली असते. म्हणजे यात कमाई झाली तर ती गिऱ्हाईकाकडून होते. वाय-फाय पॅनलवाल्या असल्या पत्राला पीआयबी फॅक्ट चेकने (सरकारी योजनांबद्दलच्या खोट्या बातम्या तपासणारा केंद्राचा विभाग) आधीच खोटं म्हणून जाहीर केलंय, पण ते आमच्यापर्यंत कोण पोचवणार? मोबाईल टॉवरच्या नावाने पण हेच चालतं आणि ट्राय (टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) सांगून थकली की आम्ही टॉवरसाठी कुठलीही एनओसी देत नाही.

रोजगाराच्या योजनांचं पण तसंच. पीएमईजीपीचा (स्वतःचा उद्योग सुरू करायला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना) अर्ज ऑनलाईन फुकट भरता येतो, त्यासाठी कुठलाही एजंट नेमलेला नाही, शंका असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन समोर बसून विचारा. प्रशिक्षणाचं विद्यावेतन थेट खात्यात येतं, आधी काही भरून नाही.

पैशापेक्षा मला जास्त भीती वाटली ती पुढच्या गोष्टीची. आधार, पॅन, पासबुक, घराचा नमुना 8 सगळं त्यांच्याकडे गेलेलं होतंच, वर ते भावाला म्हणाले की सॅलरीसाठी नवीन खातं उघड, नवीन सिम घे आणि एटीएम कार्डासकट कुरिअर कर, ऑफिसमधून अॅक्टिव्हेट होईल. तेव्हा भावाने मला फोन केला. ते पाठवलं असतं तर दुसऱ्या कुणाचे लुबाडलेले पैसे त्याच्या नावच्या खात्यातून फिरले असते आणि पोलीस आमच्या दारात आले असते. नोकरी शोधणाऱ्या पोरांना असंच अडकवतात, त्यामुळे खातं, सिम, एटीएम कुणालाच द्यायचं नाही, पगार कितीही सांगू दे.

आम्ही लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावला आणि सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. शेवटचा हप्ता ताजा होता म्हणून त्यातली काही रक्कम समोरच्या खात्यात होल्ड झाली, आधीचे पैसे तोवर काढून नेलेले. पहिल्या काही तासात फोन केला तर उपयोग होतो, नंतर फार अवघड. यूपीआयचे यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा नंबर), सगळी पत्रं, नंबर, काही डिलीट करू नका, लाज वाटून चॅट तर अजिबात नाही. मग बँकेत जाऊन सांगितलं, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, आणि संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर भावाच्या नावावर किती सिम चालू आहेत ते बघितलं. हे तिन्ही घरबसल्या किंवा एका दिवसात होतं, करून घ्या.

आणि अजून एक, हे फार कमी लोकांना माहिती आहे. तक्रारीनंतर वडिलांना दुसराच फोन आला, "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे सगळे पैसे रिकव्हर झालेत, रिलीजचा चार्ज भरा". डीपीला पोलिसांचा लोगो. केस नंबर पण सांगितला, तो आमच्या तक्रारीशी जुळत नव्हता. वडिलांनी काहीच भरलं नाही, तो नंबर पोलीस स्टेशनला दिला आणि आम्ही संचार साथीच्या चक्षूवर (संशयास्पद फोन कळवायची सोय) पण टाकला. एकदा फसलेल्या घराचा नंबर ही लोकं पुढे देतात असं दिसतंय, म्हणून ज्यांचे पैसे गेलेत त्यांनी असा फोन येणार हे धरूनच चाला, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच सांगून ठेवा की पैसे परत देण्यासाठी पोलीस पैसे मागत नाहीत.