गडगा म्हणजे भिंत का? भारत गृह रक्षा पॉलिसी, दोन वर्षांनंतर

पॉलिसीत काय काय आहे ते सांगत बसत नाही. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना घराच्या विम्याची ही ठरावीक पॉलिसी द्यावीच लागते. मजकूर सगळीकडे तोच, फरक हप्त्यात आणि फोन उचलणाऱ्या माणसात.

आमचं घर देवरुखजवळच्या वाडीत. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, मागे पऱ्या (ओढा). आई-आप्पा तिथे, मी डोंबिवलीत. एप्रिल २०२४ मध्ये पॉलिसी घेतली. ९५० चौरस फूट, बांधकामाचा दर १,८०० रुपये, म्हणजे घर १७ लाख १० हजारांचं. सामानाला त्याच्या २० टक्के आपोआप. हप्ता जीएसटी धरून हजाराच्या आत.

फॉर्म भरताना एजंट म्हणाला, "दादा, घराबाहेरचं काही धरायचंय का? कंपाउंड, टाकी? रक्कम वेगळी लिहावी लागते." मी म्हटलं, सोड. तिकडून आप्पा, "गडगा लिही रे. पन्नास हजार." गडगा म्हणजे दगडावर दगड रचून घातलेला आमच्याकडचा बांध. हप्ता तीसेक रुपयांनी वाढला आणि त्या तीस रुपयांवरून मी आप्पांशी भांडलो. हे आधीच कबूल करून टाकतो.

गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच उतरला. तेव्हाच एका रात्री चुलतकाकांच्या वाट्यातला रायवळ आंबा मागच्या पडवीवर आडवा झाला. वासे मोडले, कौलांचा चुरा झाला, टीव्ही आणि मिक्सर भिजून गेले. आंबा गडग्याला लागूनच होता, त्यामुळे मुळं उपटताना पंधरा हात गडगा घेऊनच वर आली. माणसं ओटीवर झोपली होती म्हणून वाचली.

सकाळी टोल फ्रीवर फोन. क्लेम नंबर लगेच मिळाला, आणि सल्लाही: सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करणारा) येईपर्यंत काही हलवू नका. वर आभाळ फाटलेलं, खाली माजघरात पाणी, आणि म्हणे हलवू नका! मी पॉलिसी उघडून वाचली (घेतल्यापासून पहिल्यांदाच). त्यात उलट लिहिलंय की पुढचं नुकसान टाळायला शक्य ते करणं हे तुमचंच काम. आप्पांना म्हटलं, चारी बाजूंनी फोटो काढा, व्हिडिओत पेपरची तारीख दाखवा आणि ताडपत्री घाला. ताडपत्रीचं पक्कं बिल घेतलं. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रतही घेतली, ती पुढे फार उपयोगी पडली.

नियमाने सर्व्हेअर २४ तासांत नेमायचा. नेमला. यायला सहा दिवस लागले. अहवाल १५ दिवसांत द्यायचा, तो आला एक्केचाळिसाव्या दिवशी. मधल्या काळात कागद. गवंड्याकडे जीएसटीचं बिल मागा, म्हणे. आमचा गवंडी हिशेब बिडीच्या पाकिटावर करतो. शेवटी चिरेखाणीची पावती, कौलवाल्याचं बिल, आणि मजुरीसाठी गवंड्याची साध्या कागदावर सही. चाललं.

अहवालात छप्पर १ लाख ३१ हजार, सामान १४ हजार. आमचा छपराचा अंदाज १ लाख ६२ होता, पण शाबूत कौलं आणि पुन्हा वापरता येणारे वासे त्यांनी वजा केले. ते मान्य, कारण ती कौलं खरंच परत वर चढली.

गडगा शून्य.

शेरा असा, की सदर रचना ही भिंत नसून सुटे दगड एकावर एक ठेवलेले आहेत. सिमेंट नाही, चुना नाही, पाया नाही. म्हणून बांधकाम नाही. अरे बाबा, गडगा असाच असतो! सिमेंट घातलं तर पाणी अडेल आणि पहिल्याच पावसात फुगून पडेल. फटींतून पाणी झिरपतं म्हणून तर तो आजोबांच्या आधीपासून उभा आहे. त्याच्यामागे चार फूट माती आहे. ती सुटली तर न्हाणीघर पऱ्यात. पॉलिसीच्या मजकुरात घराच्या इमारतीतच कंपाउंडची भिंत, कुंपण, फाटक आणि माती अडवणारी भिंत अशी नावं घेऊन यादी दिलेली आहे. चुना पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. पडणारं झाडही जोखमींत नाव घेऊन आहे. पाचपैकी दीड तारा, तोही ताडपत्रीला.

इथपर्यंत गेल्या ऑगस्टात लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितोय आणि तारे बदलावे लागतायत.

कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. सोबत तीन गोष्टी: मजकुरातला तो परिच्छेद, प्रपोजल फॉर्मची प्रत (ती मागून घ्या, आपणहून कोणी देत नाही), आणि आप्पांनी दोन पानं भरून लिहिलेलं गडगा-पुराण. शेवटी सभ्य भाषेत लिहिलं, की उत्तर आलं नाही तर विमा नियामकाचं बिमा भरोसा पोर्टल, आणि महिन्याने पुण्याचे विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नवव्या दिवशी फोन आला: पुन्हा पाहणी करू.

तेच सर्व्हेअर आले. घाट उतरून, घामाघूम. आप्पा सांगतात, टेप लावून झाल्यावर साहेब शेवाळावरून घसरता घसरता वाचले आणि उभ्या राहिलेल्या गडग्यावर टेकून वहीत लिहायला लागले. आप्पांनी पाण्याचा तांब्या पुढे केला नि विचारलं, "साहेब, बसलात कशावर?" साहेब हसले. हसले म्हणून काम झालं असं नाही. पॉलिसीच्या दुसऱ्या पानावर 'अतिरिक्त बांधकाम: ५०,०००' छापलेलं होतं आणि पहिल्या वेळी त्यांच्याकडे फक्त पहिलं पान पोचलं होतं, हे तिथेच उघड झालं. म्हणजे चुन्याचा सगळा वाद आम्ही एका न आलेल्या पानाशी घालत होतो.

गडग्याचे ४६ हजार मंजूर झाले. आठवड्यात पैसे खात्यात. आप्पांच्या तीस रुपयांचे. ते एकदाही काही बोलले नाहीत, फक्त बँकेचा मेसेज मलाच मोठ्याने वाचायला लावला.

आता चार तारे. पाचवा का नाही ते सांगतो. राडारोडा हलवायचा खर्च मंजूर क्लेमच्या २ टक्क्यांपर्यंतच मिळतो. १ लाख ९१ हजारांवर ३,८२० रुपये. आंबा तोडून बाहेर काढायला मजुरी गेली साडेनऊ हजार. आणि लाकूड? लाकूड काकांनी विकलं. "झाड माझ्या वाट्यातलं," म्हणाले. कापायची मजुरी देताना मात्र झाड आमच्या पडवीतलं होतं. याला कुठल्याही पॉलिसीत संरक्षण नाही, मी तपासलं.

या एप्रिलमध्ये नूतनीकरण केलं. गडगा ८० हजार लिहिला, न सांगता. काकांच्या वाट्यात अजून एक फणस आहे, न्हाणीघराकडे कललेला. त्याचे फोटो तारखेसकट काढून ठेवलेत.