टायटॅनियम म्हणून विकलेले ॲल्युमिनियम

जुन्या होंडा सिटीचे १.५ लिटरचे, १६ व्हॉल्व्हचे इंजिन मी ड्रॅग स्पर्धेसाठी तयार करत होतो आणि फेऱ्यांची मर्यादा मिनिटाला ७,००० वरून ८,००० वर न्यायची होती. व्हॉल्व्ह आणि रिटेनर (व्हॉल्व्हच्या टोकाशी स्प्रिंग धरून ठेवणारी चकती) यांच्या वजनामुळे स्प्रिंगवर येणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे येथे सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो आणि स्प्रिंगला तो आवरला नाही, तर व्हॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमची साथ सोडतो. म्हणून पोलादापेक्षा हलक्या टायटॅनियमचे रिटेनर घ्यायचे ठरवले.

पुण्यातील एका विक्रेत्याने सोनेरी रंगाचा संच १८,००० रुपयांना दिला. त्याने माझ्यासमोर लोहचुंबक लावून दाखवला, तो चिकटला नाही. ओळखीच्या सराफाच्या काट्यावर जुने १६ पोलादी रिटेनर १६० ग्रॅम भरले, तर नवे अवघे ५६, आणि मी वेड्यासारखा खूश झालो. पोलादाची घनता ७.८५ आणि टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूची ४.४३ धरली, तर त्याच मापाचा संच ९० ग्रॅमच्या आसपास भरायला हवा होता. ५६ ग्रॅम हे ॲल्युमिनियमचे वजन होते. लोहचुंबक ॲल्युमिनियमलाही चिकटत नाही आणि सोनेरी रंग दोन्ही धातूंवर चढवता येतो.

ॲल्युमिनियमचे रिटेनर शर्यतीत वापरतातही, पण ते लवकर झिजतात हे ठाऊक असणारे लोक ते वेळोवेळी तपासतात. मी निर्धास्त होतो. तिसऱ्याच सरावात एका रिटेनरची, त्याला व्हॉल्व्हशी अडकवणारे लॉक बसण्याची निमुळती जागा फाकली, व्हॉल्व्ह पिस्टनवर पडला, आणि हेडसह दुरुस्तीचा खर्च ७०,००० रुपयांवर गेला.

त्यानंतर मी जी चाचणी केली, ती खरेदीच्या दिवशी दहा मिनिटांत झाली असती. पाण्याचे भांडे काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि रिटेनर दोऱ्याने बांधून, तळाला टेकू न देता, बुडवावेत. काटा जितके ग्रॅम दाखवील, तितके घनसेंटिमीटर त्यांचे आकारमान. उरलेल्या १५ रिटेनरचे वजन ५२.५ ग्रॅम होते आणि काट्याने १९.२ दाखवले. भागाकार २.७ आला, म्हणजे ॲल्युमिनियमची घनता.

हे आकडे घेऊन दुकानात गेलो, तेव्हा विक्रेत्याने शांतपणे माझीच पावती पुढे सरकवली. तिच्यावर ‘परफॉर्मन्स रिटेनर संच’ एवढेच लिहिले होते, धातूचे नाव कोठेच नव्हते. काउंटरवर त्याच मापाचा संच मांडलेला होता, या खेपेस निळ्या रंगाचा.