कोर्स ग्राफिक डिझाइनचा, कर्ज आप्पांच्या नावावर

क्लासमध्ये काहीच शिकवलं नाही, असं मी म्हणणार नाही. फोटोशॉपमध्ये फोटोचं बॅकग्राउंड काढायला शिकवलं, इलस्ट्रेटरचं पेन टूल शिकवलं, इन्स्टाग्रामच्या पोस्ट करून घेतल्या. हजेरीच्या रजिस्टरवर माझ्या सह्या आहेत, आणि पुढे पैसे परत मागायला गेले तेव्हा तेच रजिस्टर माझ्यासमोर आपटलं गेलं. "शिकवलं नाही म्हणतेस, मग या सह्या कोणाच्या?" फसवणारा क्लास म्हणजे फी घेऊन रातोरात कुलूप लावणारा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे मुद्दाम वाचा. आमच्या क्लासला कुलूप लागलं नाही. तो चालू आहे. पाटीवरचं नाव तेवढं बदललं.

मी अमळनेर तालुक्यातली. घरी कापूस, थोडी ज्वारी. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिल्या होत्या, ग्रेड चांगली होती. चित्रकलेचे सर म्हणायचे, सीईटी दे, बी.एफ.ए. कर. पण मुंबईला राहायचा खर्च ऐकून घरात विषय मिटला. जळगाव मात्र जवळ. पास काढला की सकाळच्या गाडीने धरणगाव, पाळधी करत जाता येतं आणि संध्याकाळी घरी. त्यामुळे जळगावातल्या एका खासगी इन्स्टिट्यूटचं माहितीपत्रक हातात आलं तेव्हा सगळ्यांना ते बरं वाटलं. बी.ए. पण होईल आणि हाताला कामही येईल.

माहितीपत्रकावर तीन गोष्टी ठळक होत्या. "भारत सरकारमान्य", "आयएसओ प्रमाणित" आणि "१००% जॉब गॅरंटी". या तिन्हींचा अर्थ मला फार नंतर कळला, तुम्ही आधीच समजून घ्या. सरकारमान्य म्हणून भिंतीवर जी फ्रेम लावली होती ती उद्यम नोंदणीची. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी कुठलाही लहानमोठा धंदेवाला स्वतःच माहिती भरून ऑनलाइन, फुकट करून घेतो. पिठाची गिरणीवालाही करतो. तिचा अभ्यासक्रमाशी काडीचा संबंध नाही. आयएसओ ही संस्था स्वतः कोणाला प्रमाणपत्र देतच नाही, ते बाहेरच्या कंपन्या देतात, आणि ९००१ क्रमांकाचं प्रमाणपत्र कामकाजाच्या पद्धतीचं असतं. शिकवणं चांगलं की वाईट, हे ते सांगत नाही. कौशल्य अभ्यासक्रमाला खरी मान्यता असेल तर त्याचं नाव राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत, म्हणजे एनक्यूआरच्या सरकारी संकेतस्थळावर सापडतं. आमच्या कोर्सचं नाव तिथे नव्हतं.

आणखी एक खूण त्या कागदावरच होती. शिकवायच्या सॉफ्टवेअरच्या यादीत पेजमेकर आणि फ्लॅश होते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. फ्लॅश प्लेयरचा आधार अडोबीनेच ३१ डिसेंबर २०२० ला काढून घेतला. ही यादी कोणीतरी जुन्या पत्रकावरून उतरवली होती आणि उतरवणाऱ्याला ती वाचायचीही गरज वाटली नव्हती.

आता पैशाचं. फी ७२,००० रुपये. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, महिन्याच्या महिन्याला देऊ. काउन्सेलर मॅडम हसून म्हणाल्या, "काका, तेच तर. हप्त्यानेच द्यायचे आहेत, एक रुपया व्याज नाही." मग आप्पांचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक घेतलं. त्यांच्याच मोबाइलवर आलेला ओटीपी मॅडमनी विचारून घेतला, "व्हेरिफिकेशनचा आहे" म्हणून. स्क्रीन मॅडमच्या बाजूला होती. तिथे जे झालं ते फीचे हप्ते नव्हते. एका फायनान्स कंपनीकडून आप्पांच्या नावाने वैयक्तिक कर्ज मंजूर झालं, बँक खात्यातून परस्पर हप्ता कापायची परवानगीही त्याच ओटीपींमध्ये गेली, आणि कर्जाची सगळी रक्कम थेट इन्स्टिट्यूटला पोचली. आप्पांच्या हाती इन्स्टिट्यूटच्या लेटरहेडवरचा "प्रवेश निश्चित" असा एक कागद आला. कर्जाचा कागद आला नाही. तो मागायचा असतो. कर्ज देणाऱ्याने वार्षिक दर, सगळे शुल्क आणि कर्ज मागे घ्यायची मुदत लिहिलेलं पत्रक कर्जदाराला दिलंच पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा डिजिटल कर्जांबाबतचा नियम २०२२ पासून आहे. त्या मुदतीत कर्ज नको म्हटलं तर दंड न भरता बाहेर पडता येतं. मॅडमनी यातला एक शब्द उच्चारला नाही.

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. महिन्याला फी रोख देणारा विद्यार्थी क्लासला सांभाळावा लागतो, कारण तो पुढच्या महिन्यात आला नाही तर पैसे बुडतात. कर्जाचा विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात वसूल झालेला असतो. तो आला काय, न आला काय. आमच्या बॅचला पहिले दोन महिने पुण्याहून आलेले सर होते, शिकवायचे मन लावून. तिसऱ्या महिन्यात ते दिसेनासे झाले आणि आधीच्या बॅचमधला एक मुलगा आम्हाला शिकवू लागला. बिचारा यूट्यूब लावून आमच्याबरोबरच शिकायचा. फी घेऊन झाली होती, सरांना पगार कशाला द्यायचा?

त्याच सुमारास "लाइव्ह प्रोजेक्ट" सुरू झाले. खऱ्या पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, काम करायला मिळणार म्हणून आम्ही खूश होतो. सराफांच्या दिवाळीच्या जाहिराती, लग्नपत्रिका, डाळमिलच्या पिशवीचं डिझाइन, भाऊ-दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सवर शुभेच्छुकांचे चाळीस-पन्नास फोटो कापून बसवायचे, आणि मानाप्रमाणे एकेकाचा आकार ठरलेला! रात्री अकराला ग्रुपवर फोटो यायचे, सकाळी सातला फाइल हवी असायची. अनुभव मिळतोय, असं सांगितलं जायचं. पार्टीशी बोलायचं नाही, असंही बजावलेलं.

यामागचं खरं मला कळलं ते एका छपाईच्या प्रेसवाल्या दादांमुळे. केळीच्या खोक्यावरचं लेबल मी केलं होतं. फाइलमध्ये गडबड होती, आणि कोणीतरी घाईत त्यांना माझा नंबर दिला. फोनवर ते चिडूनच बोलले. "तुमच्या एजन्सीने पार्टीकडून डिझाइनचे साडेतीन हजार घेतले आणि फाइल ही असली? आरजीबीमध्ये? ब्लीड कुठंय?" कुठली एजन्सी, विचारलं तर त्यांनी नाव सांगितलं. पत्ता आमच्या क्लासचाच होता. आम्ही पंचवीस जण प्रत्येकी ७२,००० रुपये भरून फुकट काम करत होतो, आणि क्लासवाले ते काम बाजारात विकत होते.

दुसऱ्या दिवशी मी क्लासऐवजी त्यांच्या प्रेसवर गेले. ज्याला शिकणं म्हणावं ते मला तिथे मिळालं. स्क्रीनवरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचा असतो, तेच आरजीबी; कागदावरचा निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा. म्हणून मी निवडलेला केळीच्या पानाचा झगझगीत हिरवा छापल्यावर शेवाळी झाला. शाईत तो हिरवा मुळात बसतच नाही. कटिंगला कागद थोडा सरकतो, तेव्हा चारी बाजूंना तीन मिलिमीटर जास्तीचं डिझाइन सोडायचं, तेच ब्लीड. लेबलला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, लागतात, मोठ्या फ्लेक्सला तेवढ्याची गरज नसते कारण तो लांबून बघायचा असतो. बाहेर फाइल देताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे चित्रासारख्या आकारात बदलून, द्यायची, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की सगळा मजकूर बिघडतो. हे सगळं त्यांनी चहा थंड व्हायच्या आत सांगितलं. क्लासमध्ये एवढ्या महिन्यांत ब्लीड हा शब्द मी ऐकला नव्हता.

मराठीचं तर विचारूच नका. जळगावात, धुळ्यात, नंदुरबारात डिझाइनचं निम्म्याहून जास्त काम मराठीत असणार हे शेंबडं पोरही सांगेल. क्लासमध्ये मात्र सगळा सराव इंग्रजी मजकुरावर. नाशिकला मुलाखतीला गेले तेव्हा अर्ध्या पानाची मराठी जाहिरात लावायला दिली. युनिकोडमधला मजकूर फोटोशॉपमध्ये पेस्ट केला आणि ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या मागे जाऊन बसल्या, जोडाक्षरं फुटली. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी टाइपच्या सेटिंगमधला वर्ल्ड-रेडी हा पर्याय दाखवला, दोन क्लिकचं काम. मग त्यांनी मी नेलेला पोर्टफोलिओ उघडला आणि शांतपणे म्हणाल्या, "हा मी मागच्या महिन्यात दुसऱ्या नावाने पाहिलाय." पोर्टफोलिओ क्लासनेच बनवून दिला होता. बॅचमधल्या सगळ्यांना तीच दहा डिझाइनं, पहिल्या पानावर नाव तेवढं वेगळं. आमचं स्वतःचं काम त्यात घालायला परवानगी नव्हती. ते "एजन्सीचं" होतं ना!

जॉब गॅरंटीचं काय झालं, तेही सांगते. करारात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात "प्लेसमेंट सहाय्य" असं होतं. तीन मुलाखतींना पाठवलं की त्यांची जबाबदारी संपली. नाशिकची धरून माझ्या तीन मुलाखतींतली एक कॉल सेंटरची होती, आणि तिसरी त्यांच्याच ऑफिसात, काउन्सेलरच्या जागेसाठी. पगार ८,००० आणि नवीन प्रवेशामागे १,५०० रुपये. म्हणजे आता मी दुसऱ्याच्या आप्पांकडून ओटीपी घ्यायचा. मी नाही म्हणाले. बॅचमधल्या दोघींनी ती नोकरी धरली. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्याही घरी हप्ते चालू होते.

जूनमध्ये आप्पा पीककर्जासाठी बँकेत गेले. आदल्या वर्षी कापसाचा पैसा उशिरा आला होता, खात्यात शिल्लक नव्हती, आणि दोन हप्ते बाउन्स झाले होते. बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन वळवून दाखवली. सिबिलमध्ये थकबाकीदार. आप्पांनी तिथूनच मला फोन लावला. "हाऊ कसाना हप्ता शे?" हा हप्ता कशाचा, एवढंच विचारलं. आयुष्यात सोसायटीचं कर्ज न थकवलेला माणूस. पेरणी त्या वर्षी मामांकडून हातउसने घेऊन झाली.

तेव्हापासून जे केलं ते थोडक्यात सांगते, कारण कुणी ना कुणी आत्ता या क्षणी त्याच जागी अडकलेलं असेल. हप्ता रागाने बंद करू नका. क्लासशी भांडण असलं तरी कर्ज वेगळं उभं राहतं, बाउन्सचे शुल्क वाढतात आणि सिबिल घरच्या माणसाचं जातं. फायनान्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा की कर्ज कशासाठी सांगून घेतलं आणि शिकवणं कधी बंद झालं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत. आमच्या तक्रारीनंतर कंपनीने बाउन्सचे शुल्क मागे घेतले आणि सिबिलमधली नोंद सुधारली. मूळ कर्ज सुटलं नाही, ते फेडतोच आहोत.

क्लासविरुद्ध आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. त्यानंतर इन्स्टिट्यूटमधून गोड आवाजात फोन आला की निम्मी फी परत देतो, "तक्रार नाही" अशा कागदावर सही करा. त्या कागदावर आमची हजेरी पूर्ण आणि प्रशिक्षण समाधानकारक असंही लिहिलेलं होतं. आप्पांनी सही केली नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते, पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला शुल्क नाही, वकील लावायलाच हवा असंही नाही. आणि पुण्या-मुंबईच्या क्लासने फसवलं असेल तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. नंदुरबारच्या पोरांनी हे लक्षात ठेवा, तारखांना पुण्याला जायची गरज नाही. विरुद्ध बाजूचं म्हणणं असं की ते शिक्षणसंस्था आहेत, त्यांना ग्राहक कायदा लागू नाही. आमचं उत्तर असं की तुम्हाला ना विद्यापीठाची मान्यता, ना बोर्डाची. पावतीवर १८% जीएसटी लावून तुम्ही सेवाच विकलीत.

पावतीवरून आठवलं. सुरुवातीला नोंदणीचे म्हणून ५,००० रोख घेतले होते, त्याची पावती साध्या पुस्तकातली, जीएसटी क्रमांक नसलेली. दुसऱ्या पावतीवर क्रमांक होता, २७ ने सुरू होणारा पंधरा अक्षरांचा. जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला तर तो तिसऱ्याच नावाच्या दुकानाचा निघाला. प्रवेश घ्यायच्या आधी हा क्रमांक कोणीही, लॉगिन न करता, मोबाइलवर तपासू शकतं. ही पावती आयोगातल्या कागदपत्रांत आमच्या बाजूची सगळ्यात भक्कम आहे.

तक्रारीची कुणकुण लागताच त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवरचे जुने मेसेज डिलीट करायला सुरुवात केली आणि आम्हाला एकेक करून काढून टाकलं. माझ्याकडे वाचलं ते एका मैत्रिणीने आधीच चॅट एक्स्पोर्ट करून ठेवल्यामुळे. त्यात रात्री अकराला आलेल्या कामांच्या वेळा आहेत, पार्ट्यांची नावं आहेत, "पैशाचं पार्टीशी बोलू नका" हे वाक्य आहे. तुमच्या क्लासचा ग्रुप असेल तर भांडायच्या आधी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. स्वतः केलेल्या डिझाइनच्या मूळ फाइलीही घरच्या पेनड्राइव्हवर घ्या. त्यांच्या कॉम्प्युटरवर राहिलेली फाइल पुन्हा मिळत नाही.