किशोरांच्या डोंगरी शिबिराचं साहित्य: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

ऑक्टोबरात नवंकोरं घेतलेलं साहित्य मेअखेर धुऊन, वाळवून परत खोलीत गेलं. मधल्या आठ महिन्यांत ते सह्याद्रीतल्या राजमाची, रतनवाडी, नाणेघाट-जीवधन आणि सांदण दरी या पट्ट्यात वापरलं गेलं. तुकडी २४ मुलामुलींची, वय १२ ते १६, सोबत सहा मोठे. म्हणजे हा अनुभव कातळ, मुरूम, घसारा आणि उकाड्याचा आहे. हिमालयातल्या शिबिरासाठी खरेदी करणाऱ्यांनी तंबू आणि स्लीपिंग बॅगबद्दलचं इथलं लिहिलेलं सोडून द्यावं.

ताकदीत काहीच कमी पडलं नाही. कॅराबिनरवर (दोर अडकवायच्या झडपेच्या कडीवर) २२ किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वादोन टनांचा ताण, कोरलेलं असतं, ते आपल्या कामाला भरपूर आहे. खटकलं ते माप. हे सगळं साहित्य ६०-८० किलोच्या माणसाला धरून बनतं, आणि शिबिरात ३२ किलोचा सातवीतला मुलगा आणि ६८ किलोचा दहावीतला एकाच दोरावर पाठोपाठ उतरतात.

हार्नेस

'युनिव्हर्सल' मापाचे कमरेचे हार्नेस (दोराला अडकवायचा पट्ट्यांचा साज) २० घेतले होते. थोराड मुलांना उत्तम. बारीक चणीच्या मुलांना पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी दोन्ही बाजूंची गादी एकमेकीवर चढते, बिले लूप (दोर अडकवायचा पुढचा फास) मधोमध न राहता एका बाजूला सरकतो आणि मूल दोरावर तिरपं लोंबतं. त्यातही खरी अडचण कमरेची आहे. या वयात अनेकांच्या कमरेला पट्टा अडेल असा उभारच नसतो, त्यामुळे उलटं झाल्यास हार्नेस खाली सरकण्याची भीती राहते. अशांसाठी पूर्ण अंगाचे लहान मापाचे हार्नेस लागतातच. २४ मुलांमागे सहा तरी ठेवा. आम्ही दोन घेतले होते, ते कमी पडले.

पट्टा आवळल्यावर आत सपाट पंजा गेला पाहिजे, वळलेली मूठ बाहेर येता कामा नये. बकलमधून बाहेर आलेलं शेपूट किमान ८ सेंटिमीटर. ही तपासणी टी-शर्ट खोचून झाल्यावर करायची, आधी नाही. शर्ट वर ओढला की पट्टा हमखास सैल पडतो. जुन्या पद्धतीचं, पट्टा उलटा फिरवून पुन्हा ओवायचं बकल स्वस्त पडतं, पण मुलं घाईत उलटी ओवणी विसरतात. आधीच ओवलेली बकलं थोडी महाग, तरी तीच घ्या.

दोर आणि हलकं मूल

१०.५ मिलिमीटरचा स्टॅटिक (ताणाखाली फारसा न लांबणारा) दोर, युरोपीय मानक ईएन १८९१, 'ए' प्रकार. ५० मीटरचे दोन. दोर मीटरला साधारण ७० ग्रॅम भरतो. आता हिशोब करा: ४० मीटरच्या कड्याच्या माथ्यावर मूल उभं राहतं तेव्हा त्याच्या डिसेंडरखाली (उतरताना दोराला घर्षण देऊन वेग आवरणाऱ्या धातूच्या साधनाखाली) पावणेतीन किलोच्या आसपास दोर लोंबत असतो. हे वजनच ब्रेक लावतं. मोठ्या माणसाला ते जाणवतही नाही. ३२ किलोचं मूल मात्र मागे कलतं आणि तिथेच थांबतं, हललं तरी इंचाइंचाने. खालून बाकीचे ओरडतात, "सोड, सोड!" आणि ते बिचारं ब्रेकचा हातच सोडून देतं. बिले, म्हणजे वरून दुसऱ्या माणसाने मुलाला सांभाळणं, वेगळ्या दोरावर असेल तर काही होत नाही. नसेल तर तिथे रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणं) करूच नये.

यावर उपाय साधा आहे. हलक्या मुलाला पहिले सात-आठ मीटर दोर ढिला धरायला नाही, उचलून द्यायला शिकवायचं: खालच्या हाताने दोर मांडीपाशी धरून वर डिसेंडरकडे सरकवायचा, मग एक पाऊल. खाली उतरत जाईल तसं लोंबणाऱ्या दोराचं वजन घटतं आणि वेग आपोआप वाढतो. शेवटच्या दहा मीटरमध्ये तोच मुलगा भरधाव यायला बघतो, म्हणून खालचा माणूस दोराचं टोक धरून उभा पाहिजे, मोबाइलवर फोटो काढत नव्हे.

नवा दोर ताठ असतो, त्याने हे सगळं आणखी बिघडतं. पहिल्या वापराआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवला की तो मऊ पडतो. याचा एक भुर्दंड म्हणजे दोर आखडतो. आमचा ५० मीटरचा दोर दोन धुण्यांनंतर जवळजवळ दोन मीटरने कमी भरला. मधोमध केलेली खूण धुण्यानंतरच करा, आणि टोकाला अडकगाठ मारल्याशिवाय दोर कड्यावरून टाकूच नका.

दोराचा खरा शत्रू मुरूम. लालसर बारीक खडे वेष्टणात शिरतात आणि आतले धागे कापत राहतात. बाहेरून दोर ठणठणीत दिसतो. मुलं दोरावर पाय देतात ते याच कारणाने थांबवायला हवं, उगाच शिस्त म्हणून नाही. पथारीला ताडपत्री, कड्याच्या कडेला अग्निशमनाच्या जुन्या होजचा हातभर उभा चिरलेला तुकडा. बाजारातल्या रोप प्रोटेक्टरपेक्षा हा तुकडा बेसॉल्टच्या धारेवर जास्त टिकला. दर शिबिरानंतर दोर हाताच्या चिमटीतून पूर्ण सरकवून पाहायचा: कुठे मऊ, चपटं किंवा गाठाळ लागलं तर तेवढा भाग कापून दोर लहान कामाला लावायचा. आमच्या एका दोराचे शेवटचे चार मीटर असे गेले.

डिसेंडरमध्ये अडकणं

आकडा आठचा डिसेंडर आजही शिबिरांत सगळ्यात जास्त चालतो, कारण तो स्वस्त आहे आणि पाच मिनिटांत शिकवता येतो. पण त्याला हावरट सवय आहे: सैल शर्ट, ओढणी, हुडीची नाडी, मोकळे केस आणि हातमोज्याचं रिकामं बोट, सगळं ओढून घेतो. मोठ्यांच्या मापाचे चामडी हातमोजे मुलांच्या बोटांपुढे दीड-दोन सेंटिमीटर रिकामे राहतात, आणि नेमकं तेच टोक दोराबरोबर आत जातं. लहान मापाचे हातमोजे मिळेनात तर बोटं कापलेले द्या.

अडकल्यावर चाकू काढणं हा उपाय नाही. ताणाखालचा दोर नुसती धार टेकली तरी तुटतो. मुख्य दोर अँकरला (माथ्यावर दोर अडकवायच्या पक्क्या जागेला) पक्क्या गाठीने बांधण्याऐवजी मोठ्या नासपतीच्या आकाराच्या कॅराबिनरवर इटालियन हिच (दोर आवरत सोडू देणारा वेढा) घेऊन तिच्यावर म्यूल गाठ (वेढा रोखणारी, ओढली की सुटणारी) आणि वर एक ओव्हरहँड, म्हणजे साधी गाठ, मारून ठेवली की वजन असतानाही ती सोडवता येते. बिले ताठ धरायचा, मुख्य दोर हातभर सोडायचा, मुलाचं वजन बिलेवर आलं की अडकलेला शर्ट ते स्वतःच ओढून काढतं. एका मिनिटाचं काम. ही मांडणी न येणाऱ्या माणसाला मुलांच्या शिबिरात अँकरवर बसवू नये, त्याच्याकडे कितीही प्रमाणपत्रं असोत.

कॅराबिनर स्क्रूचे आणि आपोआप बंद होणारे, दोन्ही वापरले. आपोआप बंद होणारे मुलांसाठी सुरक्षित, पण मुरमाच्या धुळीने त्यांच्या कुलपाची फिरती नळी अर्धवट अडकते आणि कुलूप लागलंय असं वाटत राहतं. कोमट पाणी, टूथब्रश आणि कोरडं ग्रॅफाइट. तेल घालू नका, धूळ आणखी चिकटते. अँकरला पोलादी, अंगावर अ‍ॅल्युमिनियम. आणि एप्रिलच्या दुपारी कातळावर ठेवलेला अ‍ॅल्युमिनियमचा डिसेंडर तव्यासारखा तापतो. सावलीत किंवा पिशवीत ठेवा.

हेल्मेट

५३ ते ६१ सेंटिमीटरचं, मागे माप जुळवायची चक्री असलेलं, गिर्यारोहण हेल्मेटच्या ईएन १२४९२ मानकाचं. माप ठीक. घोटाळा होतो वेणीने. अंबाडा किंवा उंच पोनी बांधली की हेल्मेट मागून उचललं जातं आणि कपाळ उघडं पडतं. मानेपाशी खाली एक सैल वेणी, ती शर्टाच्या आत. प्रत्येकाला स्वतःचा सुती रुमाल आतून बांधायला लावा. घाम, वास आणि उवा, तिन्हींचा बंदोबस्त होतो.

तंबू

तीन माणसांचे, दुहेरी कापडाचे आठ. तीन मुलं आणि त्यांच्या सॅक आत मावत नाहीत. सॅक बाहेरच्या पडवीत ठेवाव्या लागतात. डिसेंबरात रतनवाडीला सकाळी आतून थेंब पडू लागले तेव्हा मुलांनी "तंबू गळतोय" म्हणून ओरड केली. तो गळत नव्हता, श्वासाचं बाष्प होतं. भंडारदऱ्याचं पाणी जवळ, रात्र थंड, आणि मुलांनी थंडी वाजते म्हणून सगळ्या झडपा बंद केलेल्या. वरची झडप आणि दाराची वरची वीतभर चेन उघडी ठेवली की थांबतं.

सगळ्यात जास्त मोडल्या त्या काठ्या. फायबरग्लासची काठी वाऱ्याने क्वचितच मोडते, तंबू काढताना मोडते. मुलं काठी बाहीतून ओढतात. ओढली की आतले सांधे सुटतात, सुटलेलं टोक कापडात अडकतं, मग जोर लावला की सांध्याची धातूची नळी फाटते. काठी नेहमी ढकलायची. हे पहिल्याच संध्याकाळी करून दाखवल्यापासून मोडतोड जवळजवळ थांबली. तरी काठीवर बसेल अशी, बोटभर लांबीची अ‍ॅल्युमिनियमची नळी आणि कापडी टेप प्रत्येक तंबूच्या पिशवीत टाकून ठेवा.

तंबूसोबत येणाऱ्या तारेच्या खुंट्या सह्याद्रीत निरुपयोगी. सड्यावर त्या बोटभरही आत जात नाहीत. दोऱ्या लांब करून दगडाला बांधा, पण दगड उचलताना आधी काठीने उलटायचा. फुरसं दगडाखालीच बसतं. विंचवाचंही तेच.

चेन बिघडली की ती बदलायची घाई नको. बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर सैल झालेला असतो. पक्कडीने दोन्ही बाजूंनी हलकं दाबलं की पुन्हा पकडतो.

बाकीचं, थोडक्यात

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं लिहिलेली असतात. त्यातलं 'कम्फर्ट' बघा, 'एक्स्ट्रीम' नाही. १० अंशांचं कम्फर्ट आपल्याकडच्या पठारांना पुरतं. खाली ८-१० मिलिमीटरची फोमची चटई हवी, कारण थंडी जास्त करून जमिनीतून चढते.

सॅकमध्ये पाठीची लांबी जुळवता येणारीच घ्या. तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांची ५० लिटरची सॅक दिली की कमरेचा पट्टा मांडीवर येतो, सगळं ओझं खांद्यावर. ओझं अंगच्या वजनाच्या सहाव्या भागाच्या वर जाऊ देत नाही. ४२ किलोच्या मुलाला सात किलो, आणि त्यात तीन लिटर पाण्याचे तीन किलो आलेच.

हेडटॉर्च चांगल्या निघाल्या, पण सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन रात्री निम्म्या मिणमिणत्या असायच्या. दिवसा एक सेल उलटा घालून ठेवायचा. शिट्टी बिनगोटीची. गोटीवाली थुंकीने ओली झाली की फुसकी वाजते.

जलसंजीवनीची पाकिटं दोन मापांत येतात, एक लिटरची आणि एका पेल्याची. मिश्र खरेदी करू नका. लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की मीठ दुप्पट होतं. मूल खारट म्हणून पीत नाही, किंवा ओकतं. आणि हो, टाक्याचं पाणी क्लोरीन टाकण्याआधी दुहेरी फडक्यातून गाळा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्च होतं.

साहित्यात न मोडणारी, पण साहित्यानेच ओढवणारी एक गोष्ट: डिओडरंट. कड्यांवर आग्या मोहोळ असतं, आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा हे तिन्ही त्यांना उठवतात. सॅक तपासताना स्प्रेच्या बाटल्या काढून पायथ्याच्या घरीच ठेवून द्या. पंधरा वर्षांच्या मुलांकडून त्या काढून घेणं हे अख्ख्या शिबिरातलं सर्वांत अवघड काम आहे.

पालक विचारतात म्हणून: राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी विचाराच, पण सोबत दोराची वही मागा. खरेदीची तारीख, प्रत्येक वापर, किती जण उतरले, कधी धुतला, कुठे कापला. वही नसेल तर दोर किती जुना आहे हे आयोजकालाही ठाऊक नसतं.

पुढच्या ऑक्टोबरसाठी यादी अशी ठरली आहे: पूर्ण अंगाचे लहान हार्नेस आणखी चार, हातमोजे लहान मापाचे १२ जोड, एक नवा दोर १० मिलिमीटरचा, खास हलक्या मुलांसाठी. तंबू नवे नकोत, काठ्यांच्या आतलं इलॅस्टिक तेवढं बदलायचं. आठ महिन्यांत ते लुळं पडलंय.