मोतीबिंदूनंतरचा याग लेझर: नजर आली, पण दाब मोजलाच नाही

नजरेबद्दल तक्रार नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात बसवलेल्या भिंगामागची पिशवी गढूळ झाली होती, याग नावाच्या लेझरने तिला मधोमध खिडकी पाडली आणि दुसऱ्या दिवसापासून बसची पाटी स्वच्छ वाचता येऊ लागली. राग आहे तो लेझरनंतरच्या पहिल्या तासाबद्दल.

बेळगावातल्या दवाखान्यात काम होताच 'आता घरी जा' म्हणाले. डोळ्यातला दाब कुणी मोजला नाही. पिशवीचे बारीक कण आणि सूज यांमुळे डोळ्यातलं पाणी निचरायची जाळी तुंबते नि दाब चढतो, बहुधा पहिल्या १ ते ४ तासांत. तेव्हा खानापूरचा पेशंट बसमध्ये असतो, निपाणीचा तर अर्ध्या वाटेत. साधारण दाब १० ते २१ मिमी (पाऱ्याचे). तो बराच वर गेला की डोळा ठणकतो, मळमळतं, दिव्याभोवती कडी दिसतात. काचबिंदू असेल तर नस आणखी खराब होते. उपाय महागडा नाही: लेझरच्या आधी नि नंतर ब्रिमोनिडीन या दाब उतरवणाऱ्या औषधाचा एकेक थेंब आणि तासाभराने दाबाची तपासणी. टिमोलॉल हे दाब उतरवणारे दुसरे थेंब दम्यात त्रास देऊ शकतात, म्हणून दमा असलेल्यांनी ते घालण्याआधीच सांगावं. लांबून येणाऱ्यांनी सकाळची वेळ मागून घ्यावी आणि तपासणी झाल्याशिवाय उठू नये.

डोळ्यापुढे तरंगणाऱ्या काळ्या ठिपक्यांसाठी या अनुभवाच्या पाच ताऱ्यांतला एक तारा कापायचं ठरवलं होतं. ते मत आता मागे घेतो. पिशवीचेच तुकडे ते, काही आठवड्यांत खाली बसले. रात्री हायवेवर समोरच्या गाडीचा उजेड मात्र अजून फाकतो. खिडकी ३ मिलिमीटरची असेल आणि अंधारात बाहुली ५ मिलिमीटर उघडत असेल, तर कडेवरून उजेड विखुरणारच. रात्री गाडी चालवणाऱ्यांनी हे डॉक्टरांशी आधीच बोलावं.

लेझरने भिंगावर बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून १-२ मिलिजूल इतक्या कमी ऊर्जेपासून सुरुवात करून नेम किंचित मागे धरतात. थोड्या खड्ड्यांनी नजर सहसा बिघडत नाही.

घाई करायची ती या लक्षणांना: एकदम नवे ढीगभर ठिपके, विजेसारखे चमकारे, एका बाजूने सावली सरकणं. रेटिना (डोळ्याच्या मागचा पडदा) सुटत असू शकते, त्याच दिवशी दाखवा. मोठा मायनस नंबर असलेल्यांना धोका जास्त. सरळ रेघा वाकड्या दिसू लागल्या तर रेटिनाच्या मध्यभागी सूज असू शकते, ओसीटी (पडद्याचा स्कॅन) करून घ्या.

पाचपैकी तीन तारे. चौथा दाब मोजला असता तर दिला असता.