जुनी वाइड लेन्स, जांभळ्या कडा: दुरुस्ती कशाने करावी?

मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टरने रेंजफाइंडरची (आत आरसा नसलेल्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याची) जुनी वाइड लेन्स लावली की पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून पाहा. भिंत मध्यभागी पांढरी, एका कडेला जांभळट, कधी दुसरीकडे हिरवट, आणि कोपरे काळवंडलेले. लाइका एम9 वर हा प्रकार इतका ठळक दिसे की लोक त्याला ‘इटालियन झेंडा’ म्हणू लागले.

अशा लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं, त्यामुळे कडेचे किरण फार तिरके पडतात. सेन्सरपुढची काच आणि शेजारचे पिक्सेल मिळून रंग बिघडवतात. फिल्मवर रंगाचा हा घोळ नव्हता. उजेडाचं गणित वेगळं. 21 मिमीच्या सममित (पुढची-मागची रचना सारखी असलेल्या) लेन्सच्या कोपऱ्यात किरण सुमारे 45 अंशांनी येतात, तिथे उजेड पावपट उरतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). 2015 च्या सोनी ए7आर II पासून फुल-फ्रेममध्ये आलेल्या बॅक-इल्युमिनेटेड (तारा मागे असल्याने तिरके किरणही नीट टिपणाऱ्या) सेन्सरवर रंगाचा त्रास बराच कमी होतो, काळवंडणं मात्र राहतंच.

तयार लेन्स प्रोफाइल किंवा व्हिग्नेटिंगचा (कोपरे काळवंडण्याचा) स्लायडर यांवर विसंबू नका. ते मध्यापासून चहूकडे सारखीच दुरुस्ती करतात, आणि रंगाचा डाग डाव्या-उजव्या बाजूला सारखा नसतो. ब्लॅक अँड व्हाइटसाठी स्लायडर चालेल. रंगीत फोटोसाठी पांढऱ्या फ्रेमला, म्हणजे त्याच लेन्सने काढलेल्या एकसारख्या पांढऱ्या फोटोला, पर्याय नाही. तो पाहून सॉफ्टवेअर डाग ओळखतं आणि मूळ फोटोतून काढतं.

ही फ्रेम घरीच काढता येते. साइनबोर्डवाल्याकडून दुधी ॲक्रिलिकचा तुकडा आणा, लेन्सला चिकटून धरा आणि एकसारख्या उजेडाकडे रोखून फोटो घ्या. अपर्चर आणि फोकस मूळ फोटोचेच ठेवा. शटर बदललं तरी चालतं, फक्त कुठलाही रंग जळता (अति उजेडाने पांढराफटक होता) कामा नये. ॲक्रिलिक किंचित तिरकं धरलं तरी एका बाजूचा उजेड चढतो आणि ती चूक प्रत्येक फोटोत उतरते, म्हणून इथे घाई नको.

आता सॉफ्टवेअर. रॉथेरपी फुकट आहे आणि माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी. फ्लॅट-फील्डमध्ये (पांढऱ्या फ्रेमवरून दुरुस्ती करणाऱ्या सोयीत) पांढरी फ्रेम निवडायची की झालं. फ्रेम एका फोल्डरमध्ये साठवल्या तर कॅमेरा, लेन्स, अपर्चर पाहून जुळणारी फ्रेम ते स्वतःच शोधतं. अडॅप्टरवरच्या जुन्या लेन्सची माहिती मात्र फाईलमध्ये नोंदलेली नसते, तेव्हा निवड हातानेच करा. लाइटरूम क्लासिकमध्येही फ्लॅट-फील्ड दुरुस्ती आहे, पण प्रत्येक फोटोची नवी डीएनजी (रॉ फोटोची एक प्रकारची) फाईल तयार होते. शंभर फोटो दुरुस्त केले की डिस्क भरत जाते. आधीपासून सगळं काम तिथेच असेल तरच ते सोयीचं.

कॅप्चर वनला पैसे पडतात. तरी इमारतींचे फोटो शिफ्ट करून (लेन्स बाजूला किंवा वर सरकवून) काढणाऱ्याने तेच घ्यावं. त्यातलं एलसीसी (पांढऱ्या फ्रेमवरून करायची दुरुस्ती) रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ फाईलवरच लागू होतं, प्रीसेट म्हणून साठवता येतं आणि सेन्सरवरच्या धुळीचे डागही काढतं. शिफ्ट बदलला की फ्रेम नवी काढावी लागते, त्यातून कुठलंच सॉफ्टवेअर सुटका करत नाही.

कोपरे दोन स्टॉप उजळवले की तिथला नॉइजही (दाणेदारपणाही) वर येतो. म्हणून अशी लेन्स ट्रायपॉडवर, सर्वात कमी आयएसओला वापरा. भरपूर उजेडात सेंटर फिल्टर (मध्यभागी गडद असलेली काच) लावला तर कोपरे कॅमेऱ्यातच सावरतात, रंगासाठी मात्र पांढरी फ्रेम तेव्हाही काढावीच लागेल.